फणसवाडीला माल न्यायचा, तर आधी कागद करा



गोष्ट तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली आहे. माझ्या सजातल्या एका बचत गटाच्या दोघी जणी रात्रीच्या एसटीने मुंबईला निघाल्या. बरोबर चार पोती माल होता. तळलेले गरे, फणसपोळी, आमसुलं आणि कुळथाचं पीठ. एकीचा दीर गिरगावात फणसवाडीतल्या चाळीत राहतो. त्याने सांगितलं होतं, "वहिनी, इथे कोकणचा माल हातोहात जातो. तुम्ही आणा तर खरं!"

माल हातोहात गेला नाही. पहिल्या दुकानदाराने गरे चाखले, मान डोलावली आणि पिशवी उलटी-सुलटी करून बघितली. म्हणाला, "काकू, माल झकास आहे. पण पिशवीवर काही लिहिलेलंच नाही. ना नाव, ना वजन, ना तारीख, ना लायसन्स नंबर. उद्या तपासणीला कोणी आलं तर मी काय दाखवू?" दुसऱ्या दुकानातही तेच, तिसऱ्यातही तेच. शेवटी तो माल चाळीतल्या बिऱ्हाडांना निम्म्या भावात वाटावा लागला. गाडीभाडंसुद्धा सुटलं नाही.

परत आल्यावर त्या माझ्या टेबलासमोर बसल्या. थोरलीने एवढंच विचारलं, "सायेब, तुम्ही गरे कसे तळायचे ते शिकवलात, पिशवी कशी बंद करायची ते शिकवलात. मग हे कागदाचं का नाय सांगितलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कृषी पदविकेत आम्ही प्रक्रिया शिकलो, टिकवण शिकलो, पॅकिंग शिकलो. परवाना हा विषय "पुढे बघू" म्हणून मागे राहिला. प्रशिक्षण मी घेतलं होतं, तेव्हा चूक माझीच होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वर्गाचा पहिला तास कागदाचा असतो. तोच तास आज या पानावर घेतो आहे.

गिरगावचंच उदाहरण घ्या

गिरगावातल्या वाड्यांची नावं ऐकली की आपल्याच गावात असल्यासारखं वाटतं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. वाड्या गेल्या, चाळी आल्या, आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. नावं मात्र झाडांचीच राहिली. याच गिरगावात घरगुती धंद्याचा एक मोठा धडा घडला आहे. आपल्या प्रत्येक गटाने तो समजून घ्यावा असा आहे.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यापैकीच एक. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी ते दिले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. हाच पुढचा लिज्जत पापड.

आपल्या कामाच्या गोष्टी यापुढे आहेत.

पहिली गोष्ट : या बायांनी सुरुवातीलाच ठरवलं की तोटा आला तरी कुणाकडे देणगी मागायची नाही. छगनबापांचाही आग्रह होता की हा धंदा आहे, तर धंद्यासारखाच चालवायचा आणि हिशेब चोख ठेवायचा. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. हा आकडा आज आपण सांगू शकतो, कारण तो त्या वेळी कुणीतरी वहीत लिहून ठेवला. तुमच्या गटाची पहिल्या वर्षाची विक्री किती, हे तुम्हाला आज सांगता येईल का?

दुसरी गोष्ट : पहिल्याच वर्षी पावसाने त्यांचं काम चार महिने बंद पाडलं. पापड वाळेनात. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम सुरू राहिलं. कोकणातल्या गृहउद्योगाला पावसाचं दुखणं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. वाळवणयंत्राचं अनुदान येईपर्यंत हात बांधून बसणाऱ्यांनी ही खाट लक्षात ठेवावी.

तिसरी गोष्ट : बायांची संख्या वाढली तशी जागा पुरेना. मग पीठ मळून सभासदांना घरी द्यायचं आणि लाटलेले पापड परत आणायचे, अशी पद्धत बसवली. पीठ एका जागी मळलं जायचं, म्हणून चव एक राहिली. लाटणं घरोघरी गेलं, म्हणून जागेचं भाडं वाचलं.

चौथी गोष्ट, आणि आजच्या विषयाची : १९६६ साली त्यांनी आपली संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. त्यानंतर खेळतं भांडवल मिळालं, करात सवलत मिळाली. चव तीच होती, हात तेच होते. बदल झाला तो कागदाचा, आणि त्या कागदामुळे सरकारचं दार उघडलं. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

कुणी म्हणेल, त्यांनी सात वर्षं संस्थेच्या नोंदणीवाचूनच काढली की! खरं आहे. पण तो काळ निराळा होता. आज खाण्याचा पदार्थ विकायचा तर पहिल्या दिवसापासून नोंदणी लागते. सात वर्षं सोडाच, सात दिवसही थांबता येत नाही.

धंदा कुणाच्या नावावर?

कुठलाही फॉर्म भरण्याआधी हा प्रश्न सोडवा. निम्मी भांडणं इथेच सुरू होतात.

एकट्याचा धंदा असेल तर मालकी पद्धत सर्वांत सोपी. वेगळी संस्था काढावी लागत नाही. पण कर्ज झालं तर ते मालकाच्या अंगावर येतं, हे विसरू नका.

दोघे-तिघे मिळून करणार असाल तर भागीदारी. ती स्टॅम्पपेपरवर लिहा आणि फर्म निबंधकाकडे नोंदवा. "आम्ही सख्खे चुलतभाऊ, आम्हाला कागद कशाला?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे फर्म नोंदलेली नसेल तर करारातल्या हक्कासाठी सहसा कोर्टात दावा लावता येत नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर हात चोळत बसावं लागतं.

बचत गट हा बँकेच्या दृष्टीने गट असतो. त्याच्या नावाने खातं निघतं, कर्ज मिळतं. धंदा मोठा होऊ लागला की मात्र पुढची पायरी चढावी लागते. सहकारी संस्था काढायची तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीलाही किमान दहा उत्पादक लागतात. कंपनी काढणं सोपं झालं आहे, पण दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं चुकवता येत नाहीत. हा खर्च पेलणार असेल तरच त्या वाटेला जा. नुसती पाटी लावायला कंपनी काढू नका.

कोणते कागद, कोणत्या क्रमाने?

१) अन्न सुरक्षा नोंदणी. खाद्यपदार्थ बनवणारा, साठवणारा, विकणारा कुणीही असो, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे त्याला नोंदणी किंवा परवाना हवाच. छोट्यांसाठी नोंदणी, मोठ्यांसाठी परवाना. २०११ च्या नियमांनी छोट्यांसाठी वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला १०० रुपये फी ठरवली. मर्यादा आणि फी सरकार बदलू शकतं, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर अर्ज होतो. त्याच नियमांप्रमाणे अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारण देऊन नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो आणि तो प्रत्येक पाकिटावर छापावा लागतो. फणसवाडीच्या दुकानदाराने शोधला तो हाच क्रमांक.

२) उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आली. आधार क्रमांकावर, स्वतःच्या घोषणापत्रावर, पूर्णपणे फुकट. सरकारी पोर्टलवर यासाठी एक पैसा लागत नाही. "उद्यमची फी" म्हणून हजार-दीड हजार मागणारी खाजगी संकेतस्थळं आणि एजंट आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. या नोंदणीचा खरा उपयोग पुष्कळांना माहीत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या नोंदलेल्या सूक्ष्म उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर मुदत त्याहून कमी, १५ दिवसांची. उशीर केला तर व्याज द्यावं लागतं. उधारीवर माल देणाऱ्याच्या हातात ही काठी असते. ती वापरायची वेळ येऊ नये, पण हातात असावी.

३) दुकाने व आस्थापना. १९४८ चा जुना गुमास्ता कायदा गेला. आता २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. पूर्वी दहा किंवा अधिक कामगार असले तर नोंदणी लागे. २०२५ मध्ये ही मर्यादा २० केली. त्याहून कमी माणसं असतील तर धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. बँकेत चालू खातं उघडताना ही पावती कामाला येते. आणि हो, पाटी मराठीत हवी. २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही ते बंधनकारक केलं आहे. देवनागरी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत.

४) वजन-मापं. काटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारलेला हवा. माल पाकिटात बंद करून विकणाऱ्याने २०११ च्या नियमांप्रमाणे पाकीटबंद करणारा म्हणून नोंदणी करायची असते, तीही सुरुवातीपासून ९० दिवसांत.

५) जीएसटी. याची भीती फार, आणि गरज बहुतेकांना नसते. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकायचा झाला तर ही सूट धरून चालू नका. सिंधुदुर्गातून गोवा हाकेच्या अंतरावर आहे, पण जीएसटीच्या हिशेबात ते परराज्य आहे. आधी कर सल्लागाराला विचारा. पापडासारख्या मालावर जीएसटी नाही, हेही माहीत असू द्या.

मुंबईतच गाळा घेतला तर

आपली काही मुलं आता गिरगाव-दादरला स्वतःच गाळा भाड्याने घेऊन कोकणमेवा विकू पाहतात. चांगलं आहे. पण तिथे महापालिका येते. खानावळ, उपाहारगृह असं काही काढायचं तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३९४ खालचा परवाना लागतो. तो वॉर्ड ऑफिसकडे मागावा लागतो. गाळ्याचा भाडेकरार नोंदणीकृत करा. जुन्या चाळीतला गाळा असेल तर इमारत पुनर्विकासात जाणार आहे का ते आधी विचारा, नाहीतर रंगरंगोटीचे पैसे पाण्यात.

फुटपाथवर टोपली घेऊन बसायचा विचार असेल तर तो सोपा समजू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना हक्क दिले, पण ते सर्वेक्षण आणि विक्री प्रमाणपत्राच्या आधारावर. आज गेलो आणि उद्या बसलो, असं होत नाही.

पाकिटावर काय लिहायचं?

हे कापून भिंतीवर चिकटवा :

- पदार्थाचं नाव आणि त्यातले घटक, जास्त प्रमाणाचा आधी
- बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता
- निव्वळ वजन
- बनवल्याची तारीख, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावं ती तारीख
- कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित
- पोषणमूल्यांची माहिती, लागू असेल तिथे
- हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, शाकाहारी मालासाठी
- १४ आकडी अन्न सुरक्षा क्रमांक
- तक्रारीसाठी फोन

तारखेच्या बाबतीत लबाडी करू नका. "सहा महिने टिकतं" असं अंदाजाने छापू नका. पहिल्या घाण्यातली दहा पाकिटं घरात बाजूला ठेवा, दर पंधरा दिवसांनी एक फोडा, वास बघा, चव बघा, वहीत लिहा. तळलेल्या गऱ्यांना खवट वास कधी येतो ते तुमच्या तेलावर आणि पिशवीवर अवलंबून आहे, शेजारच्या गटाच्या लेबलवर नाही. मनात शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या.

कागद झाला म्हणजे काम झालं नाही

नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावून लोक निवांत होतात. नंतर कुणी तपासणीला आला की धावाधाव. म्हणून चार वह्या ठेवा. खरेदीची, उत्पादनाची, विक्रीची आणि रोख रकमेची. रोज रात्री दहा मिनिटं पुरतात. उत्पादनाच्या वहीत बॅच क्रमांक लिहा. उद्या एखाद्या पाकिटाची तक्रार आली तर तो माल कुठल्या दिवशीचा, कुठल्या तेलातला आणि कुणाकडे गेला हे त्या वहीतूनच कळतं. मग एक घाणा परत बोलवावा लागतो, सगळा माल नाही.

घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे एका डब्यात ठेवू नका. गटाच्या खात्यातून लग्नाला उसने काढले, की धंदा तिथेच बसतो. सभासदांची मजुरी आधी काढा, मग नफा बघा. मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नसतो, ती आपल्याच बायांची फुकट मेहनत असते.

नोंदणीची मुदत, नूतनीकरण, काट्याचा शिक्का यांच्या तारखा घरातल्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवा. मुदत टळली की जुना कागद दाखवून उपयोग नाही.

गावातल्या अधिकाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) आणि माझे सहकारी यांनाही दोन शब्द. गावातली बाई जागेचा पुरावा मागायला येते तेव्हा तिला नमुना ८ चा उतारा त्याच दिवशी द्या. घर सासऱ्याच्या नावावर असतं, सासरा वारलेला असतो, वारसनोंद झालेली नसते. मग अर्ज अडतो. ग्रामसभेत एकदा सांगा, "ज्यांना धंदा करायचा आहे त्यांनी घराच्या नोंदी आधी नीट करून घ्या." घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर संमतीपत्राने काम भागू शकतं, ही वाट दाखवा.

अनुदानाचंही तसंच. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरलं. बचत गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाचीही तरतूद झाली. आपल्या राज्यात ही योजना कृषी खात्यामार्फत राबवली गेली. सध्या कोणत्या योजनेत अर्ज घेतात ते तालुका कृषी कार्यालयात विचारून गावच्या फळ्यावर लिहा. आणि हेही लिहा, की अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. अनुदानासाठी धंदा काढू नका, धंद्यासाठी अनुदान घ्या.

त्या दोघींचं काय झालं?

त्या पावसाळ्यात आम्ही तिघे संग्राम केंद्रावर, म्हणजे आताच्या आपले सरकार केंद्रावर, बसलो. अन्न सुरक्षेचा अर्ज भरला, उद्यमची नोंदणी केली. थोरल्या बाईंचं घर दिराच्या नावावर निघालं, त्याच दिराच्या जो फणसवाडीत राहतो. त्याचं संमतीपत्र पोस्टाने मागवलं. तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले. काट्याला शिक्का मारून आणला. लेबलं तालुक्याच्या छापखान्यात छापली. पहिल्या खेपेला वजन छापायचं राहिलं, ती लेबलं रद्दीत गेली. हेही लिहितो, म्हणजे तुमची जाणार नाहीत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्या पुन्हा त्याच दुकानात गेल्या. पोती दोनच होती, मुद्दामच. दुकानदाराने पाकीट उलटं केलं, क्रमांक वाचला, तारीख वाचली आणि विचारलं, "महिन्याला किती देऊ शकाल?"

थोरल्या बाई घासाघीस करायला तयार होत्या, या प्रश्नाला नव्हत्या. त्यांनी मला फोन लावला. मी म्हटलं, "काकू, खोटं सांगू नका. जेवढं पावसातही देता येईल, तेवढंच बोला."

त्यांनी वीस किलो सांगितलं. आज गट दर महिन्याला वीस किलो गरे पाठवतो. जास्त नाही, पण एकदाही चुकला नाही.

तुमच्या घरात गरे तळायचं तेल तापण्याआधी एवढं करा. उद्या सकाळी घराचा उतारा, आधार कार्ड आणि दोन फोटो एका पिशवीत घाला आणि जवळच्या केंद्रावर जा. अडलं तर मंगळवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मी पंचायत समितीत असतो. या, बसू, फॉर्म भरू.